तारा तुटतो म्हणजे काय होतं?

आज मी बचत, हप्ता, व्याज आणि रजिस्टर यातलं काहीही बोलणार नाही. आज रात्रीच्या आकाशाबद्दल बोलायचं आहे. परवाच दत्तजयंती झाली, आता चांदणं उतरणीला लागलंय, आणि येत्या १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री वर बघण्यासारखं काहीतरी होणार आहे. वर्तमानपत्रवाले त्याला ताऱ्यांचा पाऊस म्हणतात. पुस्तकी नाव उल्कावर्षाव.

मी फर्दापूरची. अजिंठ्याच्या लेण्यांमुळे आमचं गाव लोकांना माहीत आहे. देशोदेशीचे लोक येतात, लेणी बघतात आणि संध्याकाळच्या आत जळगावकडे नाहीतर छत्रपती संभाजीनगरकडे निघून जातात. रात्र आमचीच उरते. पण आम्हीसुद्धा ती कधी बघितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी बघितली, त्याला कारण झालं आमच्याच गटातली एक वहिनी.

२०२३ च्या डिसेंबरात गटाची बैठक होती. हिशेब संपला, चहा आला, आणि मी सहज पेपरातली बातमी वाचून दाखवली, की या आठवड्यात आकाशातून खूप तारे तुटताना दिसणार आहेत, आपण बघायला बसू. सगळ्या हसल्या. एक मात्र उठली आणि सही न करताच निघून गेली. मला वाटलं, हप्त्यावरून काही बिनसलं असेल. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले तेव्हा कळलं. सहा वर्षांपूर्वी ती ओसरीवर भांडी घासत होती, तेव्हा तिला मोठा तारा तुटताना दिसला. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा गेला. त्याला आधीपासून दुखणं होतं, दवाखाना चालू होता. पण तारा तुटलेला तिनं सासूला सांगितला होता, आणि पुढं त्याचा अर्थ असा निघाला की हिनं तो बघितला म्हणून झालं. एकदा नाही, दर श्राद्धाला हे तिनं ऐकलं होतं. ‘ताई, तारा तुटला की कुणीतरी जातं म्हणतेत. मी तो बघितलाच नसता तर?’ असं तिनं मला विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा धड नव्हतं. मी बीए आहे, तेही मराठीत. मग मी मुलांची भूगोलाची पुस्तकं काढली, ओळखीच्या विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं, ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली. जे समजलं ते आज तुमच्यापुढं ठेवते.

पहिली गोष्ट, तारा तुटत नाही. तारा म्हणजे आपल्या सूर्यासारखा प्रचंड आगीचा गोळा, आणि तोही इतका लांब की त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला वर्षंच्या वर्षं लागतात. तो तुटून आपल्या गोठ्यामागं पडेल, हे व्हायचंच नाही. खात्री करायची असेल तर सोपं आहे. आज मृग नक्षत्रातले ते ओळीतले तीन तारे बघून ठेवा, ज्याला म्हातारी माणसं तिकांडं म्हणतात. रात्रभर शंभर तारे तुटताना दिसू देत, उद्या तिकांड्यात तीनच तारे असणार. सप्तर्षीत सातच असणार. एकही कमी होत नाही.

मग ती झपकन जाणारी रेघ कशाची? ती असते दाण्याएवढ्या खड्याची. बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा, कधी ज्वारीच्या नाहीतर हरभऱ्याच्या दाण्याएवढा. हा खडा अवकाशातून भयंकर वेगानं येतो आणि पृथ्वीभोवतीच्या हवेत शिरतो. सायकलच्या पंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम झालेलं तुम्ही अनुभवलं असेल. हवा जोरात दाबली की तापते. त्या खड्यापुढची हवा इतक्या जोरात दाबली जाते की खडा आणि भोवतालची हवा दोन्ही पेटल्यासारखी चमकतात, आणि साधारण ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवरच तो खडा संपून जातो. खाली राखसुद्धा दिसत नाही. वेग किती म्हणाल, तर डिसेंबरातल्या या उल्कांचा वेग सेकंदाला ३५ किलोमीटर आहे. आमच्या फर्दापूरहून संभाजीनगरला जायला एसटीला अडीच-तीन तास लागतात. हा खडा तेवढं अंतर तीन सेकंदांत कापेल.

असे खडे रोजच पडत असतात. कुठल्याही अंधाऱ्या रात्री तासभर वर बघत बसलं तर पाच-सात उल्का दिसतातच. पण वर्षातल्या काही ठरावीक रात्री त्या एकदम वाढतात. असं का होतं? समजा एक बैलगाडी ज्वारीचं पोतं घेऊन चालली आहे आणि पोतं फाटकं आहे. गाडी जाईल त्या वाटेवर ज्वारी सांडत जाणार. तुम्ही शेतात जाताना ती वाट ज्या ठिकाणी ओलांडता, तिथं रोज तुमच्या पायाखाली दाणे येणार. गाडी तेव्हा कुठंही असो. धूमकेतू ही ती गाडी. तो सूर्याभोवती फिरताना धूळ आणि खडे सांडत जातो. पृथ्वी सूर्याभोवती वर्षात एक फेरी मारते, म्हणून ती ही धुळीची वाट दरवर्षी त्याच तारखेला ओलांडते. म्हणूनच उल्कावर्षावाची तारीख आधी सांगता येते. पौर्णिमा-अमावस्या सांगता येते, तसंच हे. कुणाच्या मरणाची तारीख अशी आधी छापून येते का?

डिसेंबरातल्या वर्षावाची गाडी मात्र जरा वेगळी आहे. तिचं नाव फेथॉन. १९८३ मध्ये एका उपग्रहाच्या मदतीनं ती सापडली. हा धूमकेतू नसून पाचेक किलोमीटरचा खडक आहे, आणि तो सूर्याच्या फार जवळून जातो. तिथं भाजून निघाल्यावर त्याचे खडे सुटत असावेत असं शास्त्रज्ञांना वाटतं, पण एवढी धूळ त्याच्यातून आली कशी, याचा उलगडा पूर्ण झालेला नाही. वर्षाव मात्र त्याच्या आधीपासून, १८६२ पासून लोकांच्या नोंदीत आहे.

या वर्षावाला मिथुनेतला वर्षाव म्हणतात, कारण उल्का मिथुन राशीकडून आल्यासारख्या दिसतात. सरळ पेरलेल्या तासांच्या एका टोकाला उभं राहिलं की लांबवर सगळ्या ओळी एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात. खरं तर त्या शेवटपर्यंत सारख्याच अंतरावर असतात. उल्कांचंही तसंच. त्या एकमेकींशी समांतर येतात, पण रेघा मागं ओढत नेल्या तर एका जागी मिळतात. ती जागा पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी वरच्या ताऱ्यापाशी आहे.

पुनर्वसू म्हटल्यावर तुमच्या कानाला ते नाव नवीन वाटलं नसेल. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. आपण पेरणी या नावांवर करतो, पण ती नक्षत्रं आकाशात दाखव म्हटलं तर कितीजणींना दाखवता येतील? मला येत नव्हती. पावसाळ्यात सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ती दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, सूर्य बरोबर समोरच्या बाजूला जातो आणि हीच पावसाची नक्षत्रं रात्रभर डोक्यावरून जातात. म्हणजे ज्या पुनर्वसूत आपण जुलैमध्ये चिखल तुडवतो, त्याच पुनर्वसूकडून डिसेंबरात हा दुसरा पाऊस येतो.

सापडवायचं असं. रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला तोंड करून उभ्या राहा. तिकांडं दिसेल. त्याच्या डावीकडं, म्हणजे उत्तरेच्या अंगाला, जवळजवळ असलेले दोन सारख्याच तेजाचे तारे दिसतील. तेच पुनर्वसू. यंदा, म्हणजे २०२५ ला, आणखी सोपं आहे, कारण त्यांच्या शेजारीच गुरू ग्रह आहे. त्या बाजूला सगळ्यात तेजस्वी आणि न लुकलुकणारा ठिपका दिसेल तो गुरू. पण सापडलं नाही तरी अडत नाही. उल्का आकाशात कुठंही दिसते. खरं तर पुनर्वसूकडं टक लावून बसूच नका. त्याच्यापासून जरा लांब, आकाशाचा जो भाग सगळ्यात काळा असेल तिकडं बघत राहायचं. तिथं रेघा लांब दिसतात.

पुनर्वसू साडेसात-आठच्या सुमारास उगवतो आणि रात्री दोन-अडीचला जवळजवळ डोक्यावर येतो. जसजसा वर चढेल तसतशा उल्का वाढतात. मध्यरात्रीनंतर जास्त दिसायचं आणखी एक कारण आहे. भर पावसात मोटारसायकलवरून जाताना चालवणाऱ्याची छाती भिजते आणि मागं बसणारीची पाठ त्यामानानं कोरडी राहते. पृथ्वीही धावत असते. मध्यरात्रीनंतर आपला प्रदेश पृथ्वीच्या पुढच्या, छातीच्या बाजूला येतो. बऱ्याचशा उल्कावर्षावांना पहाट चांगली असते ती यामुळं. मिथुनेतल्या वर्षावाचं सुख हे की तो रात्री दहापासूनच दिसू लागतो. लेकरंही जागी असतात तोवर, आणि सकाळी कापूस वेचायला जाणारीला पूर्ण रात्र जागायची गरज नाही.

पेपरात ताशी १२० किंवा १५० उल्का दिसणार असं छापून येतं. त्यावर विसंबून बसाल तर निराश व्हाल. तो आकडा पूर्ण अंधारं आकाश आणि पुनर्वसू बरोबर डोक्यावर, असं धरून काढलेला असतो. चांगल्या अंधारात एका बाईला तासाला तीस ते पन्नास दिसल्या तर उत्तम. शहरात पाच-सात.

शहरातलं मी ऐकीव सांगत नाही. माझी नणंद संभाजीनगरला राहते, कारखान्यांच्या बाजूच्या एका वसाहतीत. त्या रात्री आमचं ठरलं, तिनं तिच्या गच्चीवरून मोजायच्या आणि मी इथून. दहा ते बारा या दोन तासांत तिला सहा दिसल्या. तीच रात्र, तेच आकाश. उल्का तिच्यावरून जात नव्हत्या असं नाही. शहरातले लाखो दिवे आपला काही उजेड वर फेकतात, तो धुळीवर आणि धुरावर आदळतो आणि आकाशच राखाडी होतं. दिवसा काजवा दिसतो का? तो असतो, पण दिसत नाही. उल्कांमध्ये मंद असतात त्याच जास्त, आणि नेमक्या त्याच बुडून जातात. उरतात त्या मोठ्या, ठळक चारदोन. म्हणून शहरातले हौशी लोक अशा रात्री गाड्या करून म्हैसमाळच्या पठारावर, नाहीतर वेरूळ-खुलताबादच्या बाजूला जातात. मुंबईतली खगोल मंडळ ही संस्था लोकांना घेऊन वांगणीला जाते. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते. संभाजीनगरात एमजीएमचं खगोल विज्ञान केंद्र आहे, शाळेतल्या मुलींना तिथं एकदा जरूर न्या. ज्याच्यासाठी शहरातली माणसं पेट्रोल जाळून शंभर रुपयांचा चहा-नाश्ता करत बाहेर पडतात, ते आपल्या माळवदावर फुकट आहे.

शहरातल्या लेकी-सुनांनाही अगदीच हताश व्हायचं कारण नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या अशा बाजूला बसायचं की रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यात येणार नाही. दिवा झाकला की दोन-तीन उल्का तरी वाढतात. नणंदेनं गेल्या वर्षी साडी वाळत घालून आडोसा केला होता.

आता गावाकडं. गावात अंधार आहे असं आपण म्हणतो, पण आहे का? आमच्या वस्तीवर एक उंच खांबाचा मोठा दिवा बसला. तो आम्हीच मागितला होता. बायकांना रात्री-अपरात्री बाहेर जावं लागतं, मुली शिकवणीवरून येतात, आणि डोंगर जवळ असल्यानं बिबट्याची धास्ती. ग्रामसभेत आम्ही ठराव मांडला, दोन वर्षं चकरा मारल्या, तेव्हा तो दिवा आला. आणि ज्या रात्री मी म्हटलं, चला तारे बघू, त्या रात्री वस्तीवरून धड मृगसुद्धा दिसेना. पांढरा लख्ख उजेड सगळीकडं, अगदी कडुलिंबाच्या शेंड्यावरसुद्धा.

माझ्या तोंडून निघून गेलं, की दोन तास दिवा बंद करायला सांगू. आमच्या गटातली सगळ्यात थोरली आजी उखडली. ‘दिवा बंद करायचा न्हाई. तू लहान होतीस तवा आमी अंधारात कशा जात हुतो ते तुला काय ठाऊक?’ मी गप्प बसले. आजीचं बरोबर होतं. आज दोन तास आम्ही बंद करू म्हणायचं, उद्या कुणीतरी दुसराच बिल वाचवायला बंद ठेवील. आमच्या मैत्रिणी अंधाराची किंमत पूर्वी मोजून बसल्या आहेत, त्यांना अंधाराचं कौतुक सांगणं सोपं नाही.

पण त्यातून एक चांगलं झालं. दिव्याचा विचार आम्ही पहिल्यांदाच केला. बायकांच्या पायाला उजेड हवा, कडुलिंबाच्या शेंड्याला काय करायचाय? नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत डार्क स्काय पार्क, म्हणजे राखून ठेवलेलं अंधारं आकाश, असा दर्जा मिळाला. तसा दर्जा मिळालेलं ते भारतातलं पहिलं ठिकाण. तिथल्या लोकांनी गावातले दिवे काढून टाकले नाहीत. वाघोडा, सिल्लारी अशा जवळच्या गावांतले शंभराहून जास्त दिवे जमिनीकडं तोंड करणारे बसवले. हे वाचलं आणि आम्ही घरच्या दिव्यांपासून सुरुवात केली. दारातल्या बल्बवर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून टोपी बसवली. खर्च काही नाही. उजेड सगळा उंबऱ्यावर आणि अंगणात पडतो, वर जात नाही, आणि दारात उभं राहिलं की समोरच्या अंधारातलं माणूसही नीट दिसतं, कारण बल्ब डोळ्यात खुपत नाही. हे मी माझ्याच दारात करून बघितलंय. मोठ्या दिव्याचं तोंड खाली वळवून द्या, असा अर्ज आता ग्रामसभेत दिलाय. बंद करा असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. आजीनं पहिला अंगठा दिला.

त्या २०२३ च्या रात्री मात्र आम्ही वस्ती सोडून एका मैत्रिणीच्या शेतातल्या घरावर गेलो. १४ डिसेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरोघरी घट मांडलेले, सगळ्यांचे उपवास. संध्याकाळी पूजा, कहाणी, मग जेवण, आणि मग अकराजणी स्लॅबवर चढलो. अमावस्या दोनच दिवसांपूर्वी झाली होती, म्हणजे चंद्राची चिंता नाही. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची काळी भिंत, उत्तरेला लांब जळगावच्या बाजूला क्षितिजावर पिवळट उजेड, आणि मध्ये सगळं आमचं. शेजारच्या शेतात हरभऱ्याला पाणी चालू होतं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. ते दादा खालून ओरडले, ‘आम्ही रोज बघतो की हे तारे, त्यात काय?’ खरंच आहे. रात्रपाळीचं पाणी देणाऱ्या माणसांनी आपल्यापेक्षा जास्त उल्का बघितल्या असतील. पण त्यांना बघायला निवांत कुणी बसू दिलंय?

पहिली वीस मिनिटं कुणालाच फारसं काही दिसलं नाही. हे तुम्हालाही होईल, तेव्हा लगेच उठू नका. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांना सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आणि मध्येच एकीनं मोबाईल उघडला की सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोबाईल खाली घरात ठेवायचे. बॅटरी लागलीच तर तिच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद रबरानं बांधायचा, लाल उजेडानं डोळे कमी बिघडतात. मान वर करून बसू नका, मान धरते. गोधडीवर उताणं पडायचं. खालून गारठा येतो म्हणून गोधडीच्या खाली पोतं, अंगावर दुसरी गोधडी, कानाला मफलर. दुर्बीण लागत नाही. दुर्बिणीतून आकाशाचा तळहाताएवढा तुकडा दिसतो, आणि उल्का येणार दुसरीकडूनच.

मग पहिली मोठी दिसली. पार डोंगरापर्यंत गेली, पिवळसर, हळू. सगळ्या एकदम ओरडल्या. मिथुनेतल्या उल्का इतर वर्षावांच्या मानानं जरा संथ असतात, शेजारणीला बोट करून दाखवायला निदान क्षण मिळतो. मोजायचं काम मी त्या वहिनीकडं दिलं होतं. ती आली होती. मी दोनदा जाऊन बोलावलं होतं, आणि सासूबाईंनाही. सासूबाई आल्या नाहीत. वहिनी घोंगडी पांघरून एका कडेला बसली आणि प्रत्येक उल्केला गटाच्या जुन्या वहीत अंधारातच एक रेघ ओढत गेली. सतरा झाल्यावर ती थांबली. म्हणाली, ‘ताई, सतरा झाले. मग उद्या गावात सतरा मयती व्हायला पाहिजेत की.’ कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं आजीच म्हणाली, ‘लिही पुढं.’

साडेअकरापर्यंत आम्हा सगळ्याजणींच्या मिळून त्रेसष्ट रेघा झाल्या. दुसऱ्या दिवशी गावात कुणी गेलं नाही. आठवडाभर नाही.

मी तिला समजावलं ते एवढंच, की अशी धूळ पृथ्वीवर रोज टनावारी पडते. दर रात्री कुठंतरी, कुणाला तरी तारा तुटताना दिसतोच. ज्या रात्री कुणी जात नाही त्या रात्रीचा तारा आपण विसरतो. ज्या रात्री कुणी जातं त्या रात्रीचा मात्र जन्मभर लक्षात राहतो, आणि मग त्या दोघांची गाठ मारली जाते. गरोदर बाईनं उल्का बघू नये म्हणतात, तेही असंच. तिनं एवढंच करावं की शिडीवरून सांभाळून चढावं आणि गार फरशीवर बसू नये.

आकाशातून दिसणारं सगळंच उल्का नसतं, हेही सांगून टाकते. २०२२ चा गुढीपाडवा आठवतो का? २ एप्रिलला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आपल्याकडच्या कितीतरी जिल्ह्यांत आकाशातून पेटते गोळे ओळीनं जाताना दिसले. लोक म्हणाले, उल्का पडल्या, विमान पडलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं. जाणकारांनी सांगितलं की तो एका चिनी रॉकेटचा निकामी झालेला भाग असावा. फरक ओळखायला सोपा आहे. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. रॉकेटचे तुकडे मिनिटभर हळूहळू जातात. न लुकलुकता संथ सरकणारा ठिपका म्हणजे उपग्रह, लाल-हिरवं लुकलुकणारं ते विमान. आणि माळेसारखे ओळीत जाणारे दिवे दिसले तर घाबरू नका, तेही एकापाठोपाठ सोडलेले उपग्रहच असतात. असा पडलेला धातूचा तुकडा मात्र हात न लावता पोलीस पाटलांना कळवायचा.

आणि मोठा दगड खरंच पडला तर? तो पडलेला आपण बघितलेला आहे. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर म्हणजे तेच. आपल्याच काळ्या खडकात, आकाशातून आलेल्या दगडाच्या धडकेनं पडलेला खड्डा, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद. ते माणसाच्या आठवणीच्याही फार आधी झालं. डिसेंबरातल्या या दाण्यांचा आणि तसल्या दगडाचा काही संबंध नाही. वर्षावातले खडे जमिनीपर्यंत पोचतच नाहीत.

जगात सगळ्यात गाजतो तो ऑगस्टमधला वर्षाव, १२-१३ ऑगस्टचा, कारण तिकडं युरोपात तेव्हा उन्हाळा. आपल्याकडं श्रावण, आभाळ भरलेलं, त्यामुळं त्याची आशा धरू नये. नोव्हेंबरात १७-१८ ला सिंह राशीतला असतो, एरवी अगदी साधा, पण त्याचा धूमकेतू साधारण तेहतीस वर्षांनी परत येतो तेव्हा जोरदार होऊ शकतो. १८३३ मध्ये अमेरिकेत इतक्या उल्का पडल्या की लोकांना जगबुडी आली असं वाटलं. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या रात्री, पहाटे आणखी एक असतो, पण येत्या जानेवारीत त्या दिवशी नेमकी पौर्णिमा आहे. आपल्या भागासाठी डिसेंबरासारखा वर्षाव दुसरा नाही. आभाळ निरभ्र आणि वेळही बरी.

फक्त भिंतीवरचं कॅलेंडर बघून चंद्र कुठं आहे ते पाहायचं. गेल्या वर्षी दत्तजयंती १४ डिसेंबरलाच होती. पौर्णिमेच्या लख्ख चांदण्यात आम्हाला दोन तासांत नऊ दिसल्या, आणि निम्म्या बाया झोपी गेल्या. यंदा वद्य पक्ष आहे, चंद्राची कोर उत्तररात्री दीड-दोनला उगवेल. तोवर अंधार आपला. पुढच्या वर्षी शुद्ध पक्ष आहे, चंद्र लवकर मावळेल, तेही चांगलं.

तर १३ तारखेला शनिवार आहे, दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी. जेवणं उरकून दहा वाजता चढा. एकट्यादुकट्या शेतात जाऊ नका. पाच-सहाजणी मिळून गच्चीवरच बसा, शिडीला कुणीतरी धरून असू द्या, जंगलाच्या कडेला तर मुळीच नको. मुलींना बरोबर घ्या, आणि मोजायचं काम त्यांच्याकडं द्या. वेळ लिहा, किती ते लिहा, दिवा किती लांब होता ते लिहा. सोमवारी आपल्या रेडिओवर आकडे कळवा, सगळ्या गावांचे मी एकत्र वाचून दाखवीन. आमच्या गावची वही यंदाही वहिनीकडंच आहे. तिनं परवा येऊन विचारलं, सासूबाईंना शिडी चढवत नाही, तर खाली अंगणात बाज टाकली तर चालेल का. चालेल, फक्त दारातल्या बल्बला टोपी लावायची.